पाव म्हणजे पाव नव्हे

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या घरमालकाची श्रद्धा पाहायची असेल, तर जानेवारीत त्याच्या तळघरात उतरावं. तिथे घर तापवण्याच्या तेलाची २७५ गॅलनची, म्हणजे हजारएक लिटरची टाकी उभी असते आणि तिच्या डोक्यावर प्लास्टिकच्या नळीत एक चिमुकली चकती. चकती ‘पाव’वर दिसली की मालक भागाकार करतो, ६९ गॅलन आहे म्हणतो आणि निवांत झोपायला जातो. पण चकती मोजते उंची. तेलाशी तिला देणंघेणं नाही. टाकी वर-खाली गोलाकार आणि मधे सरळ. मधल्या एका इंचात सात गॅलन तेल मावतं, तळाच्या इंचात जेमतेम दोन. त्यामुळे ४४ इंची टाकीत ‘पाव’ला असतात ५७ गॅलन आणि ‘एक अष्टमांश’ला ३४ ऐवजी २२, त्यातही तळाशी गाळ. मध्यावर चकती रमतगमत उतरते आणि तळाशी आली की ऐन कडाक्यात धावत सुटते. आपल्याकडे गॅसचा सिलिंडर हलवून बघतात, त्यात निदान वजनाचा पुरावा असतो.

म्हणून माझं म्हणणं, टाकीकडे बघूच नये, बर्नरकडे बघावं. या बर्नरला मंद आच ठाऊक नाही. पेटला तर पूर्ण, नाहीतर बंद. त्यामुळे तो किती तास जळला एवढं कळलं की पुरे. तासाला किती तेल जातं ते त्याच्या पितळी नॉझलवरच कोरलेलं असतं. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण घराचं बजेट तिच्या भोकातून जातं. समजा आकडा आहे ०.८५ गॅलन. तो १०० पीएसआय दाबाचा. पंपाचा दाब १४० असेल तर शाळेत नकोसं झालेलं वर्गमूळ इथे कामाला येतं: १.४ चं वर्गमूळ १.१८, म्हणजे तासाला बरोब्बर एक गॅलन. तास मोजणारा छोटा मीटर तंत्रज्ञाकडून बसवून घेतला की काम झालं. कोणी म्हणेल, नव्या बर्नरची मोटर पेटण्याआधी काही सेकंद नुसतीच फिरते. खरं आहे, म्हणून मीटर मोटरला न जोडता तेलाच्या व्हॉल्व्हला जोडावा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: हे उपद्व्याप हवेत कशाला, तेलवाला आपणहून येतोच की! येतो, आणि घरात पाऊल न टाकता, नुसत्या हिशेबावर. दिवसाचं सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे ‘डिग्री-डे’. तुमच्या घराला एका गॅलनमध्ये किती डिग्री-डे निभतात, तो झाला के-फॅक्टर. तो ५ असेल आणि बाहेर सरासरी ३० अंश, तर ३५ भागिले ५, सात गॅलन. युक्ती उत्तमच आहे, पण ती हवामानाची कुंडली मांडते, घरातल्या माणसांची नाही. बॉस्टनच्या मराठी घरात पुण्याहून आईवडील आले की थर्मोस्टॅट ६८ वरून ७४ वर जातो आणि अंघोळीचं पाणी त्याच बॉयलरवर तापत असेल तर विचारूच नका. हे त्या सूत्राला कळत नाही. बर्नरला लगेच कळतं.

नॉझल झिजतं, तुंबतं, दाब बदलतो, हेही मान्य. पण त्यावरचा इलाज तेलवाल्याच्याच हातात असतो. तेल भरताना टाकीतली हवा शिट्टी वाजवत बाहेर पडते आणि शिट्टी थांबली की टाकी भरली. दोन वेळा अशी काठोकाठ भरली, तर दुसऱ्या पावतीवरचे गॅलन म्हणजेच मधल्या काळातला खर्च. त्याला मीटरच्या तासांनी भागा. नॉझल काय म्हणतं आणि खरं काय, लगेच कळेल. तेव्हा पुढच्या वेळी गाडी येऊन गेली की पावतीच्या मागे मीटरचा आकडा लिहून ठेवा. आणि पावती धुलाईच्या कपड्यांत जाऊ देऊ नका.