मनगटाचे लाड

कर्मचाऱ्याला मनगट असतं, हा शोध आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीला नुकताच लागला. आजवर या अवयवाचा उपयोग घड्याळ बांधण्यापुरता आणि त्यात जोर असल्याच्या बढाया मारण्यापुरता होता. आता त्याची अधिकृत काळजी सुरू झाली असून माझ्या टेबलावर अर्गोनॉमिक कीबोर्ड आला आहे. दोन तुकडे, मध्ये वायर, दोन्ही तुकडे बाहेरच्या अंगाला उतरते. आमच्या शिपायाने तो पाहिला आणि विचारलं, “साहेब, येताना मोडला का? परत पाठवू?”

खोक्यात पुस्तिका होती. मनगट सरळ हवं, कोपर काटकोनात हवं, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकलेले हवेत. माझ्या खुर्चीला हात एकच आहे. टेबल खतावण्या लिहायच्या काळातलं, त्यामुळे कोपराचा काटकोन साधायला बुडाखाली गेल्या काही वर्षांचे दिवाळी अंक घ्यावे लागतात. (त्यांचा इतका सखोल उपयोग प्रथमच होत असावा.) पाय लोंबकळतात, पाठ कुरकुरते. मनगट मात्र सरळ.

खरी गंमत मराठी लिहिताना आहे. १९९१च्या भारतीय मानकातला इनस्क्रिप्ट आराखडा वापरणाऱ्यांना ठाऊक असेल: काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. सलग कीबोर्डवर हे एकत्र कुटुंब गुण्यागोविंदाने नांदत होतं. आता वाटणी झाली. ‘क’ एका घरात, त्याचा काना दुसऱ्या. म, न, व अशी थोडी पोरं वेलांट्यांच्या घरी राहिली. त्यातला ‘व’ बी या बटणावर, म्हणजे ऐन बांधावर. माझं उजवं बोट सवयीने त्याच्याकडे निघतं आणि दोन तुकड्यांच्या मधल्या टेबलावर आपटतं. पहिल्या दिवशी मी ‘वाहतूक व्यवस्था’ असं लिहायला बसलो आणि दोन्ही शब्दांची सुरुवात टेबलावरच उमटवली.

एवढी मोडतोड करूनही बटणांवरची इंग्रजी अक्षरं जिथल्या तिथे आहेत, याचं मला फार कौतुक वाटतं. हा क्रम अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्सच्या टंकलेखन यंत्राचा. शोल्स वर्तमानपत्राचा संपादक होता, तेव्हा दोष आमच्याच जातकुळीकडे जातो. बंदुका आणि शिलाई यंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४मध्ये ते यंत्र बाजारात आणलं. ते शिलाई यंत्राच्याच स्टँडवर बसवलेलं होतं आणि नव्या ओळीवर जायला पाय मारावा लागे. अक्षरांचा क्रम असाच का, यावर अभ्यासक अजून भांडतात. ऑगस्ट ड्वोरॅकने १९३६मध्ये स्वर मधल्या रांगेत आणणाऱ्या नव्या मांडणीचं पेटंट घेतलं. जगाने ते वाचलं आणि जुन्याच बटणांवर टायपिंग चालू ठेवलं. १९९४मध्ये मायक्रोसॉफ्टने कीबोर्डच मधून वाकवला, पण अक्षरांना हात लावायची छाती झाली नाही. माणूस दुखरं मनगट सोसेल, वाकडंतिकडं यंत्र पगार मोडून विकत घेईल. बोटांना पुन्हा शाळेत घालणार नाही.

आमच्याकडचे ज्येष्ठ डीटीपीवाले ‘मराठी ३०, इंग्रजी ४०’च्या टायपिंग परीक्षा देऊन आलेले. रेमिंग्टनच्या मराठी मांडणीवर, मनगटं हवी तशी मुरडून, तोंडात सुपारी धरून ते पानं पाडतात. माझ्या यंत्राकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, “दुखतंय तर सुट्टी घ्या की.” हा उपाय पुस्तिकेत नाही.

काल पत्रक आलं. नव्या उपकरणामुळे मनगटांवरचा ताण कमी झाल्याचं व्यवस्थापनाच्या निदर्शनास आलं आहे, सबब रविवारच्या पुरवणीची पानं वाढवण्यात येत आहेत. माणसं आहेत तेवढीच. शिवाय काटकसर म्हणून यापुढे दोघांत मिळून एक कीबोर्ड. माझ्या वाट्याला उजवा तुकडा आला असून मात्रा क्रीडा विभागाकडे दिल्या आहेत.