दोनशे पस्तीसचा नाद

टायरचं माप ज्याने ठरवलं, त्याचं एका मापावर भागत नसावं. २१५/७५ आर १५. यातला पहिला आकडा रुंदी, ती मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूची उंची, ती रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, तो इंचांत. मधला आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांची बांधणी. मी मात्र बरीच वर्षं तो ‘रेडियस’ समजत होतो आणि चारचौघांना समजावूनही देत होतो. पंधरा इंचांची त्रिज्या म्हणजे अडीच फुटांची रिम, हा हिशेब कोणी केला नाही. मीही नाही. मी बोलतो इतक्या खात्रीने की समोरच्याला शंका काढणं उद्धटपणाचं वाटतं.

माझी पिकअप, पाटी एमएच ०६, माझ्याकडे आली तीच उतारवयात. आधीच्या मालकाने चारही चाकांना हाताला लागेल तो टायर चढवलेला. पुढचा एक २१५, दुसरा २०५. मागचे दोन घासून गोटा झालेले, आणि त्यांच्या बाजूंवरची अक्षरं दगडधोंड्यांनी खाल्लेली. मूळ माप कंपनी दाराच्या आतल्या चौकटीवर छापून देते, हवा किती भरायची तेही तिथेच असतं. त्या मालकाने नेमकं त्यावर वीरेश्वर महाराजांचं स्टिकर लावलं होतं. महाडचं ग्रामदैवत नखाने खरवडून खाली टायरचं माप शोधायची माझी छाती झाली नाही. आमची ही तर रोज सकाळी त्या दारालाच उदबत्ती ओवाळते.

२२ जुलै २०२१ च्या दरडीनंतर आमच्या तळीयेत पावसाच्या तोंडावर कोणी गाडी अर्धवट अवस्थेत ठेवत नाही. रात्री उठून निघायची वेळ आलीच तर ती निघाली पाहिजे. म्हणून मे महिन्यात चारही टायर बदलायचे ठरले. इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो.

महाडात गेलो. टायरवाल्या चाचांच्या दुकानात भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. चाचांनी पहिला प्रश्न केला, “आरसी आणलीस?”

“चाचा, आरसी पोलिसांना दाखवायची असते. मला टायर हवेत.”

मग मी त्यांच्याच बिलबुकावर त्यांना गणित शिकवलं. २१५ चे ७५ टक्के १६१.२५, वर-खाली मिळून ३२२.५, त्यात १५ इंचांचे ३८१. उभं चाक ७०३.५ मिलिमीटर. हेच २३५/७५ घेतले तर ७३३.५. म्हणजे चाक तीस मिलिमीटरने मोठं आणि गाडी जमिनीपासून पंधरा मिलिमीटर वर! वरंधकडच्या खड्ड्यांवर यापेक्षा चांगला उपाय सार्वजनिक बांधकाम खात्यालाही सुचला नसता. चाचांनी गणित तपासलं. बरोबर होतं. “बघ बाबा, गाडी तुझी,” एवढंच म्हणाले. याला मी पसंती समजलो.

मेव्हण्याच्या ओळखीतल्या एकाने जीपगाडीचे २३५ काढून ठेवले होते. नक्षी जाडजूड, काळा रंग चकचकीत. बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे होते, १८१४. ही कंपनीची छुपी किंमत असणार हे मी ओळखलं. मेव्हण्याला डोळा मारला आणि म्हटलं, “एकाचे अठराशे चौदा देईन. एक रुपया जास्त नाही.” मालक इतक्या चटकन हो म्हणाला की मला हसू आवरेना. ते आकडे म्हणजे जन्मतारीख असते, २०१४ सालचा अठरावा आठवडा, हे मला फार उशिरा कळलं. टायर २००९ चे असते तर नऊशे नऊला मागितले असते आणि जास्तच खूश झालो असतो.

चारही चढवले. पिकअप अशी उभी राहिली की मेव्हण्याने दोन बाजूंनी फोटो काढले. स्टेपनी जुनी २१५ च राहिली. ती कशाला लागतेय!

पहिलाच माल सिमेंटचा, वीस गोणी, म्हणजे एक टन. बिरवाडी सोडल्यावर पहिल्या अवघड वळणाला स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि पुढून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. उतरून बघतो तर टायर मडगार्डच्या आतला पत्रा चाटत होता. यावर मी उपाय काढला: स्टिअरिंग पूर्ण कापायचंच नाही. आमच्या रस्त्यावर हा उपाय पुढच्या वळणापर्यंत टिकला.

मग चढ लागला. एरवी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना चढणारी गाडी दुसऱ्यात गुदमरली. त्यातलं गणित नंतर केलं. जुनं चाक एका फेऱ्यात २.२१ मीटर जायचं, नवं २.३०. तेवढ्याच फेऱ्यात जास्त रस्ता कापायचा म्हणजे इंजिनाला गिअर जड पडतो. माझ्या पिकअपला सपाटीलाच धाप लागते, तिथे मी तिच्या पाठीवर आणखी एक घाट चढवला होता. पहिल्या गिअरमध्ये रांगत निघालो. मोटरसायकली पुढे गेल्या, एसटी गेली. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एका मावशी काही वेळ सोबतीला चालल्या, मग कंटाळून पुढे गेल्या.

हौद्यातल्या एक टनाखाली मागच्या टायरांच्या कुशी बाहेर आल्या होत्या. पिकअपला आठ प्लायचे लागतात, जीपगाडीचे हे चार प्लायचे, त्यात रबराला बारीक चिरा. त्यातला डावा फुटला. मेव्हणा म्हणाला, “दाजी, आवाज आपलाच काय?” आपलाच होता.

अर्ध्या गोणी उतरवून स्टेपनी लावली. आता मागे एक चाक मोठं, एक लहान. गाडी डावीकडे झुकली, आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला वाटत राहिलं की आपण वळणावर आहोत. त्याने तसा सूर लावला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तशीच लंगडत महाडला नेली. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, डॅशबोर्डचा खण उघडला, विम्याखालची जुनी आरसी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मालवाहू गाडीच्या आरसीत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या टायरांचं मापसुद्धा लिहिलेलं असतं. २१५/७५ आर १५, आठ पीआर. गाडी घेतल्यापासून हा कागद माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. अशा अवतारात पेणला पासिंगला गेलो असतो तर काय झालं असतं, हा विचारही मी तिथेच केला. चाचा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला निदान वाद घालता आला असता.

नवे २१५ घातले, दर सांगतील तो दिला. वीरेश्वर महाराज आहेत तिथेच आहेत.

उरलेले तीन घरामागे टाकले. पहिल्या वळवाच्या पावसात त्यांत पाणी साचलं, आणि आशाताईंनी दारात येऊन सगळ्यांसमोर डेंग्यूच्या अळ्या दाखवल्या. आता ते पडवीत उभे आहेत. विकायचे आहेत. नक्षी उत्तम, जन्म २०१४ चा, लपवाछपवी नाही. भाव बसून बोलू. फक्त येताना आरसी आणा.