डेडलाइनने बांधलेला दिवाणखाना

संध्याकाळी सात वाजता घरात टीव्ही लागतो आणि माझ्या कामाची वेळ सुरू होते. वही मांडीवर, समोर मालिका. लिहिणाऱ्याने मालिका बघू नयेत, त्याने हात बिघडतो, असं सांगणारे स्नेही मला भेटतात. त्यांनी एकदा बोईसरला यावं आणि सात ते साडेदहाच्या मध्ये कुठल्याही इमारतीचा जिना चढावा. प्रत्येक मजल्यावर तेच संवाद ऐकू येतात, आणि ते कुणीतरी लिहिलेले असतात. आमच्या गावात रोज सर्वांत जास्त माणसांपर्यंत पोचणारं मराठी लेखन आज हेच आहे. त्याच्याकडे पाठ फिरवून मी कुणासाठी लिहू?

राग मात्र येतो.

आमच्या बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनतो, रंग बनतात, कापड बनतं, पोलाद बनतं. शेजारी देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969पासून उभं आहे. मालिकेतही कंपनी असते, पण तिथे काय बनतं ते वर्षभर बघूनही कळत नाही. फाइल असते, सही असते, हिसकावून घेतलेली खुर्ची असते. रिॲक्टर नाही, बॉयलर नाही, सेफ्टी शूज नाहीत, कंत्राटदाराचा मुकादम नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमान सेकंड शिफ्टला असतात, रात्री अकराला सुटतात. आदल्या रात्रीचा भाग ते दुसऱ्या दिवशी जेवताना पुनःप्रक्षेपणात बघतात आणि मग डबा घेऊन निघतात. वहिनींनी मला परवा सरळच विचारलं, "भाऊ, यांच्या घरातलं कुणी डबा घेऊन कामाला जातच नाही का हो?"

जात नाही, कारण तसं लिहायला कुणाला वेळच दिलेला नाही.

रोजच्या मालिकेला आठवड्याला सहा भाग लागतात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं उरतात, ती रोज भरायची. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते पडले की ठरलेला ट्रॅक वळवायचा, आणि वळवलेल्या ट्रॅकचे सीन लगेच सेटवर हवे असतात. बाहेर चित्रीकरण म्हटलं की परवानगी, गर्दी, गाड्यांचा आवाज, ढळता उजेड. दिवाणखान्याचा सेट मात्र कायम उभाच असतो. म्हणून लग्न दिवाणखान्यात, भांडण दिवाणखान्यात, दिवाळंही तिथेच निघतं. लेखकाची कल्पनाशक्ती आटली म्हणून नव्हे; या वेळापत्रकात दुसरं काही मावत नाही म्हणून. त्या लेखकांना नावं ठेवणाऱ्यांनी एक आठवडा त्यांच्या जागी बसून सहा भाग लिहून दाखवावेत.

घाई नवी नाही. रामानंद सागरांचं 'रामायण' 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 असं चाललं. ते चित्रित झालं आमच्या अंगणाला लागून, उंबरगावला. डहाणू सोडलं की घोलवड, बोर्डी रोड, मग उंबरगाव. 1960पर्यंत तो तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. 52 भाग ठरले होते, मागणी वाढत गेली तसे 78 झाले. दूरदर्शनमधल्या लोकांनी सांगून ठेवलंय की दिल्लीला टेप कित्येकदा प्रक्षेपणाच्या अर्धा तास आधी पोचायची. लक्षात घ्या, ती मालिका आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी लागायची. एका भागाला आठवडा मिळूनही ही धावपळ होती. आज तेवढ्याच आठवड्यात सहा भाग मागतात आणि वर विचारतात, मराठी मालिकांत वास्तव का नाही?

लांब पडतं म्हणावं, तर तेही खरं नाही. 2016मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळच्या आकेरीत जाऊन चित्रित झाली आणि मालवणी बोली घराघरांत गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी 'लागिरं झालं जी' साताऱ्याच्या मातीत उभी राहिली, तिथली भाषा बोलली. प्रेक्षकांनी दोन्ही डोक्यावर घेतल्या. बोईसर तर चित्रनगरीच्या गोरेगावच्या रेल्वेलाइनवरच आहे. विरार-डहाणू लोकल 2013पासून धावतेय. तरी इथली मांगेली, वाडवळी, वारली बोली मालिकेत ऐकू येत नाही. बातम्यांच्या वाहिन्या तेवढ्या येतात, एमआयडीसीत स्फोट झाला की.

आणि इथे विषय कमी आहेत का? अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. ती युनिटं सुरू होऊन वीस वर्षं होत आली. मालिकेला जे जे लागतं ते सगळं त्या दोन नावांत आहे: जुनं घर, देव्हारा, भाऊबंदकी, सासरी आलेली आणि सासरचं गावच गेलेली सून, समुद्राशी तुटलेलं नातं, नोकरी मिळेल म्हणून ताटकळलेला मुलगा. पालघरला 14 ऑगस्ट 1942 रोजी मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या पाचांच्या घरांत पुढे काय झालं यावरच वर्षभर लिहिता येईल. सातपाटीला बोटी लागल्यावर लिलावात पापलेटचा भाव कोण पाडतं, कोण चढवतं, हे बघायला एक सकाळ पुरते. एक सकाळ! तेवढीसुद्धा त्या लेखकाच्या हाती नसते.

माझ्या सदरालाही डेडलाइन आहे, पण ती सात दिवसांनी येते. त्या सात दिवसांत मी पुनर्वसन वसाहतीत जाऊन म्हाताऱ्यांजवळ बसू शकतो, चिंचणीच्या रिक्षात बायकांचं बोलणं ऐकू शकतो, शिफ्ट सुटताना फाटकाशी उभा राहू शकतो. माझ्या लेखनात जे बरं असतं ते या फिरण्यातून येतं. मालिका लिहिणाऱ्यांत माझ्याहून कितीतरी कसदार हात आहेत. संवाद ऐकताना ते कळतं. त्यांना फिरणं मिळत नाही, एवढाच फरक.

तेव्हा वाहिन्यांकडे माझं थेट मागणं आहे. दर तेरा आठवड्यांनी लेखक-चमूला एक आठवडा सेटपासून सोडा. तेवढे सहा भाग आधीच बँकेत ठेवायची जबाबदारी निर्मात्याची आणि तुमची, लेखकाची नव्हे. भागाच्या सुरुवातीला लेखकाचं नाव वाचता येईल इतका वेळ पडद्यावर राहू द्या. प्रक्षेपणानंतर नव्वद दिवसांनी पैसे द्यायची रीत बंद करा. रोज लिहून घेता, तर महिन्याला द्या. आणि त्या सुट्या आठवड्याचं मानधन कापू नका. तो फिरण्याचा आठवडा हे लेखनाचंच काम आहे.