मावशीचे लग्न, फोर-केमध्ये

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की नागपूरचा शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. घरगुती लिनक्सभक्त मात्र कूलरचे तोंड संगणकाकडे वळवतो; काळ्या खिडकीत एफएफएमपेग हे व्हिडिओ-रूपांतराचे सॉफ्टवेअर चालू असते ना! फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेले हे अस्त्र तो मावशीच्या लग्नाच्या व्हीसीडीवर सोडतो. चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. याला ते फोर-के हवे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण व्हिडिओ आवळायला एच-२६५ हे कोडेक घ्यायचे की एव्ही-१, यातच रात्र सरते. सकाळी नवरदेव होता तितकाच धूसर, फाइल मात्र फुगून टम्म.

"काहून रे, लगन दिसन का आज?" मावशी विचारते. दिसत नाही, तिच्या जुन्या टीव्हीला एच-२६५ कळत नाही. पुन्हा रूपांतर!

खरे तर व्हीसीडीतली डॅट फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये जशीच्या तशी चालते. पण मग विंडोजवाल्या शेजाऱ्यावर मात कशी होणार? सॉफ्टवेअर फुकट आहे, हे लिनक्सभक्त छाती फुगवून सांगतो. विजेचे बिल बाबा भरतात.