तेराव्या तारेचा हिशेब

आमच्या नानामामांना जपानी येत नाही; जपानीबद्दल मात्र सगळं येतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यातल्या एका क्लासला नाव घातलं. वर्गातली पोरंसोरं ‘पाणी’, ‘झाड’, ‘डोंगर’ गिरवत पुढे गेली. मामा एका पुस्तकात ‘कोतो’ पाहून थबकले, ते अजून तिथेच आहेत.

कोतो म्हणजे किरीच्या हलक्या लाकडाचं, माणसाएवढं लांब, आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य. त्याच्या कांजीत, म्हणजे जपानी अक्षरात, वर शेजारी शेजारी दोन ‘राजा’ आणि खाली ‘आत्ता’. “दोन राजे बैठकीला बसलेत, म्हणतायत, आत्ताच्या आत्ता वाजव!” हे मामांनी मला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालाही सांगितलं. क्लासच्या सेन्सेईंनी, म्हणजे मास्तरांनी, बिचाऱ्यांनी समजावलं, की ते राजेबिजे नाहीत, मुळात वाद्याचं चित्र आहे. मामांनी ऐकून घेतलं. राजांना काही उठवलं नाही.

मग त्यांनी अक्षराच्या रेघा मोजल्या. 12. कोतोच्या तारा मोजल्या. 13. आठ आण्यांच्या फरकापायी रात्री दहापर्यंत बँकेत बसलेला माणूस हा, झोप उडाली. आठवड्याने शोध लागला, की या वाद्याचं खरं अक्षर निराळंच आहे: वर बांबू, खाली भांडण. रोजच्या वापरातल्या 2136 कांजींच्या सरकारी यादीत ते नाही, म्हणून राजेवाल्यावर भागवतात. मामांनी अधीरपणे त्याच्याही रेघा मोजल्या. 14!

“एकात एक कमी, दुसऱ्यात एक जास्त. सरासरी तेरा,” असं म्हणून त्या रात्री मामा घोरले.

पण झायलोफोनला जपानीत ‘मोक्किन’, म्हणजे लाकडी कोतो म्हणतात, हे कळल्यावर पुन्हा अस्वस्थ. “अहो, एकही तार नाही त्याला!” त्यांना सावरलं ते सरस्वतीने. जपानात ती बेन्झाइतेन होते, हातात वीणेऐवजी बिवा येतं, आणि ‘बिवा’च्या दोन्ही अक्षरांच्या डोक्यावर तेच दोन राजे!

“मग परीक्षेआधी तिलाच हात जोडा,” मामी म्हणाल्या.

डिसेंबरात मामा सगळ्यात सोप्या पायरीच्या परीक्षेला बसले. बाहेर आले ते तोंड पाडून.

“काय झालं?”

“‘आत्ता’ आलं होतं रे.”

“ते तर तुमचं पाठ!”

“ओळखलंच नाही. डोक्यावर राजे नव्हते ना!”