काय गावलं?

कोकणातल्या कुठल्याही धक्क्यावर पाण्यात तंगूस सोडून बसलेल्या माणसाला दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न ऐकावा लागतो : "काय गावलं?" विचारणाऱ्याला उत्तराची फारशी गरज नसते. लाँच सुटायला वेळ असतो, एवढंच. उत्तरंही ठरलेली असतात. पिशवी रिकामी असेल तर "आत्ताच बसलोय". पिशवीत काही असेल तर "काय नाय, बारीकसारीक". मोठा मासा हातचा सुटला असेल तर मात्र दोन्ही हात मोकळे करून उत्तर द्यावं लागतं, आणि दोन पंजांमधलं अंतर दिवस मावळेपर्यंत वाढत जातं.

ठाण्याच्या काकांना हे पटत नसे. बँकेत बत्तीस वर्षं व्हाउचरं तपासण्यात गेल्यामुळे तोंडी हिशेबावर त्यांचा विश्वास नव्हता. निवृत्तीनंतर गावचं घर दुरुस्त करून ते तिथे राहायला आले आणि गरवायला लागले, तेव्हा प्रत्येक मासा पुराव्यानिशी पकडायचा असं त्यांनी ठरवलं. म्हणून कॅमेरा आला. कॅमेरा आला म्हणून चॅनेल आलं. चॅनेलचं नाव मुलीने इंग्रजीत ठेवलं, ते काकूंना आजही नीट उच्चारता येत नाही. त्या "यांचं ते पाण्याचं" असं म्हणतात.

धक्का कुठला, ते इथे सांगता येणार नाही. दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांच्या दरम्यान एका खाडीत तो आहे, इतकीच माहिती द्यायची काकांनी परवानगी दिली आहे.

काकांचं शिक्षण फ्लोरिडात झालं, म्हणजे व्हिडिओवर. तिथे खाडीकाठच्या घरांना स्वतःचे लाकडी धक्के असतात, धक्क्यावर रात्री दिवे लावतात आणि दिव्याखाली स्नूक नावाचा मासा येतो. दिव्यामुळे पाण्यातले सूक्ष्म जीव गोळा होतात, त्यांच्यामागे बारीक मासळी आणि कोळंबी येते. मोठा मासा मात्र उजेडात येत नाही, उजेड संपतो तिथे सावलीत, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. पंगतीत वाढपी कुठून येणार हे ओळखून बसणाऱ्या माणसासारखा. दिवसा तोच मासा खांबांच्या सावलीत सरकतो. तिथले गरवणारे आमिष असं भिरकावतात की ते पाण्यावर टप्पे घेत थेट धक्क्याच्या पोटात शिरतं. पोरं चपटा दगड फेकून तळ्यावर भाकऱ्या काढतात, अगदी तसं. काकांनी हा प्रयोग गावी केला. आमिषाने तीन सुंदर टप्पे घेतले आणि ते लाँचच्या कडेला बांधलेल्या ट्रकच्या टायरात रुतलं. लाँच सुटली. रिळातली शंभर मीटर दोरी सणसणत बाहेर गेली, आणि चॅनेलवरचा पहिला 'जबरदस्त ओढ' दाखवणारा व्हिडिओ तयार झाला. ओढणारा कोण, ते त्यात दिसत नाही.

आमिषही साधं नाही. काकांच्या पेटीत रंगीत लाकडी आणि प्लास्टिकचे मासे कप्प्याकप्प्यांत निजलेले असतात. या खोट्या माशांचा एक मोठा कुलपुरुष म्हणजे फिनलंडचा लाउरी रापाला. बिचारा स्वतः मच्छीमार. तळ्यातल्या झुंडीत जो छोटा मासा जखमी होऊन लंगडत पोहतो, त्यालाच मोठा मासा आधी धरतो, हे त्याने होडीतून पाहिलं होतं. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडातून तसा लंगडणारा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि पाणी आत शिरू नये म्हणून वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. काका ही हकिगत सगळ्यांना सांगतात. गळाशी कॅमेऱ्याचा संबंध आपण जोडलेला नाही, तो पहिल्यापासूनच होता, हा त्यांचा मुद्दा. काकू ऐकून घेतात आणि रॉडच्या पावतीवरचे बारा हजार पुन्हा एकदा मोजतात.

त्याच धक्क्यावर सातवीतला एक पोरगा बसतो. त्याच्याकडे पाण्याची रिकामी बाटली असते. बाटलीला तंगूस गुंडाळलेली, टोकाला शिसं, गरी आणि गरीला कोळंबी. एकूण खर्च साठ रुपये, त्यातली कोळंबी आजीच्या टोपलीतली, म्हणजे फुकट. तो बाटली दोन पायांत धरतो, तंगूस बोटावर घेतो आणि शाळेची कविता पाठ करतो. मासा टोचला की त्याच्या बोटाला कळतं. काकांच्या रॉडला ते कळावं म्हणून टोकाला घुंगरू बांधलेलं आहे. ते वाऱ्यानेही वाजतं.

भरतीच्या बाबतीतही तेच. काकांच्या फोनवर भरती-ओहोटीचं ॲप आहे, त्यात निळी लाट वरखाली होते. पोराची आजी कालनिर्णयात तिथी बघते आणि तिची पाऊणपट करते. षष्ठी असेल तर सहा गुणिले पाऊण, साडेचार. साडेचारला पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी, साडेदहाला, पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. ॲप आणि आजी यांच्यात दहा-वीस मिनिटांचा फरक पडतो, पण आजीला रेंज लागत नाही.

धक्क्याखाली राहतात ती मंडळीही तऱ्हेवाईक. सगळ्यात आधी लागतो तो शिंगाळा. मिशा असलेला, पाठीवर आणि दोन्ही पंखांत विषारी काटा, गरी काढताना हात सुजवणारा. पण याच्या कुळातला बाप अंडी तोंडात धरून सांभाळतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत आठवडेच्या आठवडे जवळजवळ उपाशी राहतो. काकांनी ही माहिती कॅमेऱ्याकडे बघून सांगितली, तेव्हा मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांनी ती पुन्हा सांगायला लावली. दुपारी त्यांचे नवरे होड्या लावून वर आले, तेव्हा तिसऱ्यांदा.

तांबोशी दुसऱ्या जातीची. आमिष तोंडात आलं की ती समुद्राकडे धावत नाही, उलट धक्क्याच्या खांबाकडे वळते. खांबाला कालवांची धार असते. तंगूस एकदा तिच्यावर घासली की काम संपलं. काकांची सात आमिषं अशी खांबाला अर्पण झाली आहेत, आणि ओहोटीला ती नवसाच्या घंटांसारखी लोंबताना दिसतात.

केंड तर शत्रूच. पकडला की पोट फुगवून चेंडू होतो. त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, त्या विषावर उतारा नाही, म्हणून खायचाही उपयोग नाही. दात मात्र चार, एकमेकांना चिकटून पोपटाच्या चोचीसारखे झालेले. साडेआठशे रुपयांच्या रबरी माशाची शेपूट तो अशी कापतो की जणू शिंप्याने माप घेतलं होतं.

पापलेट लागतो का, असं मुंबईचे पाहुणे हटकून विचारतात. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला. पण त्याचं तोंड एवढंसं आणि आहार तरंगत्या सूक्ष्म जीवांचा, त्यामुळे लाकडी माशाकडे तो बघतही नाही. तो सहसा जाळ्यातच येतो.

काकांना हवा होता जिताडा. रायगडात जिताडा, गोव्यात चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. काकांनी चारही नावांनी हाक मारून पाहिली. हा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि वाढला की मादी होतो, स्नूकसारखाच. म्हणजे मोठा जिताडा ही बहुतेक वेळा अंडी घालणारी आई. फ्लोरिडात अटलांटिकच्या बाजूला २८ ते ३२ इंचांमधला एकच स्नूक दिवसाला नेता येतो. त्याहून लहान किंवा मोठा लागला तर सोडावा लागतो. काकांनी म्हणून धक्क्यावर मोजपट्टी रंगवून घेतली. पट्टीवर पहिला मासा ठेवला गेला तो सात इंचांचा काळुंदर. कॅमेऱ्यासमोर चार शब्द बोलून काकांनी त्याला हळुवारपणे पाण्यात सोडलं.

धक्क्यावर शांतता पसरली. आजीने टोपलीवरचा हात काढला, पाण्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि काळजीच्या सुरात विचारलं, "नासका होता काय?"

चित्रीकरणाचंही एक शास्त्र आहे. बारा तास बसल्यावर आठ मिनिटांचा व्हिडिओ होतो, आणि त्यातली दोन मिनिटं चहाची असतात. कॅमेऱ्याची काच रुंद दृश्य घेते, त्यामुळे जवळची वस्तू मोठी आणि मागची बारीक दिसते. मासा छातीशी धरला तर काळुंदर, तोच हात लांब करून काचेपुढे नेला तर दोन किलोचा दिसतो. काकांनी हे कळल्यावर आठवडाभर आपण असं करणार नाही असं ठरवलं होतं. नंतर मुलीने सांगितलं की सगळे करतात. शिवाय मागे ओळखीचा डोंगर किंवा देवळाचा कळस आला तर तो पुसट करावा लागतो. जागा कळली तर पुढच्या रविवारी पुण्याच्या सहा गाड्या धक्क्यावर उभ्या राहतील, ही भीती. असा सगळा परिसर धुरकट झाल्यामुळे काका नेहमी धुक्यात मासे पकडतात, असा प्रेक्षकांचा समज आहे.

पौषातली षष्ठी होती. भरती साडेचारला होऊन गेलेली, पाणी उतरत होतं. कॅमेरा मागच्या कठड्याला चिमट्याने अडकवलेला. साडेसातची लाँच धक्क्याला जरा जोरात लागली. त्यानंतर तासभर काकांनी फार सुंदर निवेदन केलं. सावलीचं शास्त्र सांगितलं, आमिष उजवीकडून डावीकडे कसं न्यायचं ते दाखवलं, तांबोशीच्या स्वभावावर दोन शब्द बोलले. समारोपासाठी हसऱ्या चेहऱ्याने मागे वळले, तेव्हा कठडा होता, चिमटा होता, कॅमेरा नव्हता.

"मघाशीच पडला," पोरगा म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना."

कॅमेरा दहा मीटर पाण्यात टिकतो असं खोक्यावर छापलेलं होतं, आणि काकांचा छापील मजकुरावर विश्वास. पाणी उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. ॲप म्हणालं दहा पन्नास, आजी म्हणाली साडेदहा. दहा चाळीसला खांबाच्या बुडाशी कालवांत अडकलेला पट्टा दिसला. काकांनी बारा हजारांच्या रॉडने सहा वेळा नेम धरला. मग पोराने बाटली उलगडली, शिसं सोडलं, बोटाने दोनदा चाचपलं आणि वर ओढलं.

लाँचचा तिकीटवाला तेवढ्यात आला. "काय गावलं?"

"कॅमेरा," पोरगा म्हणाला, बोई म्हणावा तसा.

आत बॅटरी संपेपर्यंतची बावन्न मिनिटं होती. पहिली तीस मिनिटं चहाच्या रंगाचं पाणी, लाँचच्या पंख्याचा घरघराट आणि कुठूनतरी खूप वरून येणारा काकांचा आवाज, शब्द न कळणारा. मग पाणी थोडं निवळतं. कालवांनी भरलेला खांब दिसतो. डावीकडून काकांचं लाकडी आमिष लंगडत येतं आणि जातं. पुन्हा येतं, पुन्हा जातं. खांबाच्या सावलीत काहीतरी लांबट उभं आहे. ते नऊ मिनिटं हलत नाही. शेवटी एक केंड येतो, काचेला डोळा लावतो, चारही दात दाखवून कड कुरतडून बघतो आणि बॅटरी संपते.

केंडाचा तेवढाच तुकडा चॅनेलवरच्या बाकी सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. जागा कुठली, असं शेकडो जण विचारतात.

सावलीतली ती लांबट वस्तू जिताडाच आहे, याबद्दल काकांना शंका नाही. पोरगा म्हणतो, जुनं वल्हं आहे, ते गेल्या होळीपासून तिथेच पडलंय. हल्ली धक्क्यावर कुणी "काय गावलं?" असं विचारलं की काका रॉड बाजूला ठेवतात, फोन काढतात, ती नऊ मिनिटं शोधतात, चित्र थांबवतात आणि त्या सावलीवर दोन बोटं टेकवून हळूहळू लांब करत जातात.