काउंटी हॉलचा यथोचित सदुपयोग

नगरपालिकेच्या तिजोरीतून समाजवाद आणू पाहणाऱ्यांना आळा कसा घालावा, याचा वस्तुपाठ लंडनने घालून दिला आहे. 1981 साली ग्रेटर लंडन कौन्सिल मजूर पक्षाच्या केन लिव्हिंगस्टन यांच्या हाती आली आणि तिने निवडणुकीतलं वचन चक्क पाळलं! बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं सुमारे एक तृतीयांशाने उतरलं. लोक स्वस्तात कामाला जाऊ लागले. या बेशिस्तीला लंडनच्याच ब्रॉम्ली बरोने न्यायालयात खेचलं. तिच्या हद्दीत भुयारी रेल्वेचं एकही स्थानक नाही, त्यामुळे तिची दृष्टी अर्थातच निःपक्षपाती होती. हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी एकमुखाने सवलत बेकायदा ठरवली. पुढच्या मार्चमध्ये भाडं जवळपास दुप्पट झालं. कायद्याचं राज्य ते हेच.

तरी कौन्सिल सुधारेना. थेम्सपलीकडच्या संसदेला दिसेल असा, शहरातल्या बेकारांचा आकडा तिने आपल्या मुख्यालयाच्या, म्हणजे काउंटी हॉलच्या, छपरावर झळकवला. पंतप्रधान थॅचरबाईंनी आकड्याला हात लावला नाही, छपराखालची कौन्सिलच उतरवली. 1986 मध्ये ती बरखास्त झाली. मतदार चुकतात ना? मग ज्यासाठी मत द्यायचं तेच काढून टाकावं. यापरता लोकशिक्षणाचा स्वस्त मार्ग नाही; पुढेमागे मतदारही काढता आले, तर मतपेट्यांचाही खर्च वाचेल.

काउंटी हॉलमध्ये आता हॉटेल आहे, मत्स्यालय आहे. तिथल्या शार्कना घरभाडं नाही, जेवण ज्याला जेवढी गरज तेवढं, आणि खर्च सगळा तिकीट काढणाऱ्या जनतेचा. ब्रॉम्लीची अद्याप तक्रार नाही.